पाहणारे घडवावे लागतात

५ मे १९०१ रोजी कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. तोवर गाणे शिकण्याच्या वाटा मोजक्या होत्या. गवयाच्या घरात जन्म तरी घ्यावा लागे, नाहीतर त्याच्या दारी राहून वर्षानुवर्षे सेवा करावी लागे. पलुस्करांनी ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम आणि छापील स्वरलिपी आणली, आणि दिवसभराचे काम आटोपून येणाऱ्या साध्या माणसालाही गाण्याच्या खोलीत बसवले. तानसेन नाही तरी कानसेन घडावेत, हे त्यांच्या कार्याचे वर्णन मराठी घरांत आजही ऐकू येते. पुढच्या शतकात हिंदुस्थानी संगीताला जो जाणता श्रोता मिळाला, त्यातला फार मोठा वाटा अशा शाळांत थोडेफार शिकून, कधीही मंचावर न बसलेल्या माणसांचा आहे.

दिल्लीतल्या बॅलेविषयी लिहिताना ही गोष्ट आधी सांगावीशी वाटते. या शहराने सत्तर वर्षांत जगातले उत्तम बॅले नर्तक पाहिले, तरी बॅले दिल्लीचा झाला नाही. कलावंतांना बोलावले गेले, पण पाहणारे घडवले गेले नाहीत. आज गुरुग्राम, नोएडा आणि दक्षिण दिल्लीतल्या छोट्या वर्गांत तिशी-चाळिशीतली माणसे संध्याकाळी बॅले शिकायला येतात. त्यांच्याकडे हौशी लोकांचा विरंगुळा म्हणून पाहिले जाते. आमच्या मते हे राहून गेलेले काम आता तीच माणसे करत आहेत.

बॅले आणि भारत यांची देवघेव दिल्लीच्या कोणत्याही नाट्यगृहापेक्षा जुनी आहे. मारियुस पेतिपाचा 'ला बायादेर' १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रंगमंचावर आला. त्याची नायिका निकिया देवळात नाचणारी आहे. 'बायादेर' हा शब्द मूळ पोर्तुगीज 'बायलादेइरा'वरून फ्रेंचमध्ये गेला, आणि पोर्तुगीज अंमलातल्या गोव्यात देवळांतल्या कलावंतिणींना हाच शब्द लावत. १८३८ मध्ये पुद्दुचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या खऱ्याखुऱ्या देवदासी पॅरिसला गेल्या. त्यांचे नृत्य पाहून भारावलेल्या तेओफिल गोतिए या कवीने पुढे कालिदासाच्या शाकुंतलावरून बॅलेचे कथानक लिहिले, आणि १८५८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरात शकुंतला नाचली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात उभे राहायला तेव्हा अजून बावीस वर्षे होती. युरोपने रंगवलेला भारत बहुतांशी कल्पनेतला होता, हे खरे. पण त्या कल्पनेला खाद्य इथूनच गेले होते.

उलटा प्रवास रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोवामुळे सुरू झाला. १९२२ च्या अखेरीस ती भारतात आली आणि पुढच्याच वर्षी तिच्या मंडळीने लंडनमध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरचा बॅले केला. त्याच वर्षी लंडनमध्ये चित्रकला शिकणारा उदय शंकर तिच्यासोबत 'राधा-कृष्ण' नाचला. लीला सोखी म्हणजेच मादाम मेनका यांनाही तिने प्रोत्साहन दिले. मेनकांचे पती साहिबसिंग सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते, आणि मेनकांनी आपली नृत्यशाळा काढली ती खंडाळ्याला. त्यांच्या मंडळीने १९३६ ते १९३८ या काळात युरोपचा दौरा केला, तेव्हा त्यात दमयंती जोशी ही मुंबईची लहानशी मराठी मुलगी होती. पुढे ती कथकातली मोठी नर्तकी झाली. मेनकांच्या गाजलेल्या रचनांपैकी एक 'मालविकाग्निमित्र' होती. नायिका विदर्भाची राजकन्या आणि कथा नृत्य शिकण्याची, शिकवण्याची आणि पाहण्याची. कालिदासाने त्या नाटकात दोन नृत्यगुरूंचा वाद रंगवला आहे आणि तो सोडवण्यासाठी जाणत्या परीक्षकासमोर शिष्येला नाचायला लावले आहे. नृत्याला जाणता प्रेक्षक लागतो, हे आपल्याकडे कुणी बाहेरून येऊन शिकवलेले नाही.

उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून निघालेल्या माणसांनी 'बॅले' हा शब्द भारतात रुजवला, पण वेगळ्या अर्थाने. अनेक नर्तकांचा समूह, सलग कथा, त्यासाठी रचलेले संगीत आणि एका माणसाने केलेली आखणी, असा तो अर्थ होता. १९४७ च्या मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीत आशियाई संबंध परिषद भरली, त्या निमित्ताने शांती बर्धन यांनी बसवलेला आणि रविशंकरांच्या संगीताचा 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' राजधानीने पाहिला. बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत लिटल बॅले ट्रूप काढला आणि माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखे नाचवून रामायण उभे केले. अल्मोड्याचेच नरेंद्र शर्मा दिल्लीत स्थायिक झाले, त्यांनी मॉडर्न स्कूलमध्ये मुलांना शिकवले आणि १९७२ मध्ये 'भूमिका' ही संस्था काढली. सुमित्रा चरतराम यांच्या भारतीय कला केंद्राने १९५७ मध्ये नृत्यनाट्याच्या रूपात रामलीला सुरू केली. दसऱ्याच्या दिवसांत ती दिल्लीत अजून होते, आणि आजोबांनी पाहिलेली रामलीला नातू पाहतो.

या दिल्लीकर बॅलेत पायाच्या टोकावर कुणी उभे राहत नव्हते. तरी या मंडळींनी शब्द चुकीचा वापरला असे म्हणता येत नाही. त्यांनी बॅलेचा सांगाडा घेतला आणि अंग आपल्या नृत्यांचे ठेवले. संगीत नाटकाने विलायती रंगमंच, रंगवलेले पडदे आणि पायपेटी घेतली, आणि त्यांतून बालगंधर्वांचे गाणे उभे राहिले. त्याच जातीचे हे काम होते.

पाश्चात्त्य अभिजात बॅले मात्र दिल्लीत पाहुणा म्हणून आला आणि पाहुणा म्हणूनच राहिला. कॅनॉट प्लेसमधले रीगल १९३२ मध्ये उघडले, ते केवळ सिनेमागृह म्हणून नव्हे. तिथे नाटके झाली आणि रशियन बॅलेही झाला. १९५३-५४ च्या हिवाळ्यात सोव्हिएत कलावंतांच्या पथकातून बॅले नर्तकी माया प्लिसेत्स्काया भारतात आली. त्यानंतर कित्येक वर्षे तिला पश्चिमेकडे जाण्याची परवानगी मिळाली नाही, त्यामुळे न्यूयॉर्कच्या आधी ती भारताने पाहिली. पुढे सांस्कृतिक करारांनुसार पथके येत राहिली आणि १९८७ मध्ये भारतात मोठा सोव्हिएत महोत्सव भरला. पण या साऱ्याचा यजमान सरकार होते. बॅले हा दोन राष्ट्रांच्या मैत्रीचा देखावा होता, शहराच्या रोजच्या जगण्याचा भाग नव्हता. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला तेव्हा हा राजाश्रयही गेला. रीगलही मार्च २०१७ मध्ये बंद झाले.

शाळा उभ्या राहायला वेळ लागला. मुंबईत तुष्णा डल्लास यांनी १९६६ मध्येच अभिजात बॅलेची शाळा सुरू केली होती. दिल्लीत ॲश्ली लोबो यांचे डान्सवर्क्स नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आले आणि त्यानंतरच्या दशकात अर्जेंटिनाचे फर्नांडो आगिलेरा यांनी इथे इम्पीरियल फर्नांडो बॅले ही संस्था उभी केली. याच शाळेत २०१६ मध्ये विकासपुरीच्या ई-रिक्षाचालकाचा मुलगा कमल सिंग दाखल झाला. 'एबीसीडी' या हिंदी चित्रपटात त्याने बॅले पाहिला होता. वय होते १७. ज्या कलेत मुले सातव्या-आठव्या वर्षी सुरुवात करतात, तिथे हे वय संपल्यातच जमा. आगिलेरांनी त्याला विनामूल्य शिकवले, आणि २०२० मध्ये इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी त्याची निवड झाली. खर्चासाठी लोकवर्गणी उभी राहिली.

कमलची गोष्ट सांगताना आपण एक चूक करतो. तिचा शेवट लंडनला होतो म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे असे आपल्याला वाटते. मग त्याच वर्गातल्या लाकडी दांड्याला धरून उभ्या असलेल्या बेचाळीस वर्षांच्या बँक कर्मचारी बाईला आपण विचारतो, की तुम्ही आता कुठे पोचणार? हा प्रश्नच गैरलागू आहे. ती बाई कुठे पोचण्यासाठी आलेली नाही. ती ज्यासाठी आली आहे ते तिला पहिल्या तासापासून मिळू लागते.

प्रौढांच्या वर्गात काय घडते ते नीट पाहायला हवे. सुरुवात भिंतीलगतच्या लाकडी दांड्यापाशी, म्हणजे बारपाशी होते. गुडघे वाकवायचे, तो प्लिए. पाऊल जमिनीवरून सरकवत टोकापर्यंत ताणायचे, तो तांद्यू. पाय बाहेर वळवायचे ते खुब्यातून. ज्याचा खुबा कमी वळतो त्याने कमी वळवायचे, कारण गुडघ्यातून ओढून आणलेले वळण दुखापत करते. चाळिशीतल्या माणसाने हे सत्य स्वीकारणे हाच मोठा धडा असतो. पायाच्या टोकावर उभे राहण्याचे बूट फार पुढचे. त्यांच्या टोकात लाकूड नसते, कापडाचे आणि कागदाचे थर सरसाने चिकटवलेले असतात, आणि सारा भार पेलायचा असतो तो घोट्याने आणि तळव्याच्या स्नायूंनी. बार संपला की खोलीच्या मध्यभागी यायचे. आता आधाराला काही नाही. संथ हालचाली, मग गिरक्या, मग उड्या. शेवटी रेव्हरन्स, म्हणजे शिक्षकाला आणि संगीताला वाकून नमस्कार. आपल्याकडे भरतनाट्यमचा वर्ग भूमीला नमस्कार करून सुरू होतो आणि संपतो. तो शिकलेल्या मुलीला रेव्हरन्स समजावून सांगावा लागत नाही.

असे सहा महिने घालवलेली व्यक्ती 'स्वान लेक' पाहायला बसते तेव्हा तिला वेगळेच दिसते. १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगापासून काळ्या हंसाच्या ३२ सलग गिरक्या प्रसिद्ध आहेत. न शिकलेला प्रेक्षक त्या मोजतो. शिकलेला प्रेक्षक जमिनीवरचा पाय पाहतो, तो प्रत्येक फेरीत टाच टेकवून गुडघ्यात वाकतो आणि पुन्हा टोकावर येतो, आणि आपल्या जागेवरून किती सरकतो. 'ला बायादेर'मध्ये सावल्यांच्या रूपातल्या नर्तकी उतारावरून एकेक करून उतरतात, पुन्हा पुन्हा तीच एक मुद्रा धरतात. ज्याने कधी एका पायावर दोन क्षण तोल सांभाळला आहे, त्याला त्या शांततेची किंमत कळते. डाव्या हाताच्या बोटाकडे निर्देश म्हणजे लग्न, डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवणे म्हणजे नृत्य, ही मूकाभिनयाची लिपी त्याला वाचता येते.

दिल्लीला हे अवघड जाऊ नये. १९६४ पासून कथक केंद्र इथे आहे. बिरजू महाराजांच्या चक्रांनंतर नेमकी सम आली की हातांतून आपोआप टाळी निघावी, ही तालीम इथल्या प्रेक्षकांना दोन पिढ्या मिळाली आहे. गिरकीनंतर स्थिर होण्यात कसब असते, हे त्यांना माहीत आहे. त्या जाणत्या डोळ्याला फक्त दुसरी लिपी शिकवायची आहे.

बॅले परका आहे, महाग आहे, श्रीमंतांच्या वसाहतींपुरता आहे, असा आक्षेप घेतला जातो. परकेपणाचे उत्तर बायादेरपासून पायपेटीपर्यंतच्या इतिहासाने दिले आहे. महागाईचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. शुल्क, बूट, प्रवास यांत अनेकांची वाट अडते, आणि प्रत्येक कमलला आगिलेरा भेटत नाहीत. पण यावरचा उपाय वर्ग कमी करणे हा नाही. पलुस्करांनी गाणे दरबारातून आणि घराण्यांतून बाहेर काढले ते शाळा वाढवून.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. शहरातल्या सार्वजनिक सभागृहांत आणि शाळांत निदान एकेक खोली अशी असावी, जिथे काँक्रीटवर फरशीऐवजी खाली पोकळी असलेली लवचिक लाकडी जमीन आहे. उडी मारून उतरणाऱ्या प्रौढ गुडघ्यांना तिची गरज आहे, आणि कथक नाचणाऱ्या मुलींच्या टाचांनाही. शाळांनी संध्याकाळचे रिकामे वर्ग प्रौढांसाठी अल्प शुल्कात खुले करावेत. बाहेरून बॅले मंडळी आली की प्रयोगाआधी एक तालीम तरी प्रेक्षकांसाठी खुली ठेवावी आणि कथानक व मूकाभिनयाची ओळख हिंदीतून करून द्यावी.

दिल्लीतल्या मराठी मंडळींकडेही आमचे एक मागणे आहे. जुने महाराष्ट्र सदन कोपर्निकस मार्गावर आहे, आणि कमानी सभागृह व श्रीराम भारतीय कला केंद्र त्याच रस्त्यावर आहेत. पलुस्करांच्या परंपरेतले, विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय तिथून फार लांब नाही. तिथे आजही नोकरदार माणसे कामानंतर गाणे शिकतात आणि त्यांतल्या बहुतेकांना मैफल करायची नसते. त्यांना ऐकता यायला हवे असते. बॅलेच्या वर्गात येणाऱ्या माणसालाही तेवढेच हवे आहे, पाहता येणे. त्याला वय विचारू नका. त्याच्यासाठी लाकडी जमीन घाला.