फिल्टर लावलात, पण धुतलात कधी?



आज थोडं कडू लिहिणार आहे. सुरुवात स्वतःपासूनच करते, म्हणजे कुणाला राग यायला नको.

गेल्या चातुर्मासात आमच्या एटापल्लीच्या घरी चुलत सासूबाई आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी पाणी गाळायचं फडकं मागितलं. मी ऐटीत म्हटलं, "काकू, आता फिल्टर आहे. फडक्याचं काम राहिलं नाही." त्यांनी भिंतीवरच्या मशीनकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे शेवटचं धुतलं कधी?"

मला आठवेना. दुपारी पहिल्या गाळणीचं भांडं उघडलं. आतली पांढरी गुंडाळी विटकरी झाली होती, वर बुळबुळीत थर बसला होता आणि वास येत होता. त्याच मशीनचं पाणी मी लेकाच्या शाळेच्या बाटलीत रोज भरत होते. तेच उकळून उपवासही केले होते. आणि वर चारचौघींत सांगत होते, "आम्ही गाळूनच पितो हं!"

म्हणून म्हणते, न धुतलेल्या गाळणीतून आलेलं पाणी गाळलेलं नसतं. फार तर ते मशीनमधून आलेलं असतं.

आपल्या आज्या-पणज्यांची रीत आठवा. जाड सुती फडकं, दुहेरी, छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस अंगुळं रुंद. त्यातून पाणी गाळायचं. मग फडकं उलटं धरून त्यावर गाळलेलंच पाणी ओतायचं आणि उतरलेली जीवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत हळूच सोडायची. एका मुहूर्तानं, म्हणजे 48 मिनिटांनी, पाणी पुन्हा गाळायचं. यातला अर्धा भाग गाळण्याचा आहे आणि अर्धा गाळणी मोकळी करण्याचा. आपण पहिला अर्धा भाग मशीनला दिला आणि दुसरा विसरून गेलो.

गंमत अशी की तरणतलावाचा फिल्टरही याच रीतीनं धुतात. नागपूरला माझ्या भाच्याच्या सोसायटीत तलाव आहे. तिथला माणूस रोज वाळूच्या टाकीवरचा दाबाचा काटा बघतो. काटा नेहमीपेक्षा आठ-दहा आकडे वर गेला की वाळू तुंबली हे तो ओळखतो. मग पंप थांबवून झडप फिरवतो, पाणी उलट दिशेनं सोडतो आणि काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत धुतो. पोहायच्या पाण्यासाठी एवढी राखण होते आणि त्याच सोसायटीत प्यायच्या पाण्याचं मशीन वर्षभर कुणी उघडत नाही!

कुणी म्हणेल, फडक्यानं काय होतं, ती जुनी समजूत. मग नारू आठवा. पाण्यातल्या बारीक किड्यांमधून तो रोग पोटात जायचा. त्याविरुद्धच्या मोहिमेत दुहेरी कापडानं पाणी गाळायला गावोगाव शिकवलं. 1996 साली देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशात बायकांनी जुन्या सुती साडीची अनेक पदरी घडी करून पाणी गाळलं, तर कॉलरा जवळजवळ निम्मा झाला. तो अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. पण साडी धुऊन उन्हात वाळवायची, हे तिथेही शिकवावं लागलं.

फडकं सगळं करतं असं मात्र मी म्हणणार नाही. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यातून जातात, म्हणून उकळायचं. चंद्रपूरकडे काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. ते फडक्यानं जात नाही आणि उकळूनही जात नाही. तिथे योग्य मशीन हवंच. माझं भांडण मशीनशी नाही, मशीन लावून हात झटकण्याशी आहे.

"आमच्याकडे मेकॅनिक येत नाही," हे कारण मीही दिलंय. आलापल्लीच्या जंगलातून पावसाळ्यात कोण येणार? पण यातलं बरंचसं काम घरच्या बाईला येतं. धार बारीक झाली की आधी पहिली गुंडाळी बघा, बहुतेक वेळा तीच तुंबलेली असते. पाणी उपसताना नितळ आणि तासाभरानं तांबूस दिसत असेल, तर त्यात लोह आहे. आमचा हा भागच लोहखनिजाचा. असं पाणी थेट मशीनमध्ये सोडू नका. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओता, रात्रभर निवू द्या, वरचं पाणी फडक्यातून गाळा आणि मगच पुढे. वास आला तर कोळशाची नळी संपली. साध्या फिल्टरची पांढरी कँडल मऊ ब्रशनं स्वच्छ पाण्यात घासा, साबण लावू नका. पाणी एकदम भरभर उतरू लागलं तर खूश होऊ नका, कँडलला तडा गेलाय किंवा वॉशर सैल आहे. आणि धुतल्याची तारीख तिथीच्या कॅलेंडरवरच लिहा. अष्टमी-चतुर्दशी आपण विसरत नाही ना?

आमच्याकडच्या माडिया बायका उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा खणतात. साचलेलं पाणी आधी उपसून टाकतात, नवं पाझरू देतात आणि मग वाटीनं हंडा भरतात. त्यांना पाहून "हे कसलं पाणी पितात" म्हणणाऱ्या आपल्यातल्याच काही जणी मी ऐकल्या आहेत. ते पाणीही उकळायलाच हवं, खरंच. पण गाळणी रोज मोकळी करायची अक्कल त्यांच्यापाशी आहे. आपल्यापाशी हप्त्यानं घेतलेलं मशीन आहे.

राहिली जीवाणी. बोअरच्या पाण्याची जीवाणी परत बोअरमध्ये कशी सोडणार, ही अडचण खरी आहे. त्याचं उत्तर महाराजांना विचारावं, मी देणारी कोण? पण सहा-सहा महिने त्या गुंडाळीत जीव वाढू द्यायचे, मरू द्यायचे आणि शेवटी ती नाल्याकाठी फेकायची, याला अहिंसा म्हणता येत नाही, एवढं मलाही कळतं.

काकू निघाल्या तेव्हा त्यांचं फडकं आमच्या दोरीवर वाळत होतं. मी ते परत दिलं नाही, मागून घेतलं. आता मशीनच्या आधी पाणी त्यातून जातं आणि दर रविवारी मशीन उघडतं.

तुमचं आज उघडून बघा. आत काय दिसलं ते मला कळवलं नाहीत तरी चालेल, फक्त धुवा.