अंजनेरी आणि आमचे गुडघे

सहलीचा बेत निघाला की आमच्याकडे पहिला प्रश्न पुऱ्या कोण करणार, आणि दुसरा, गाडी वरपर्यंत जाते का? डोंगराविषयी प्रश्न असा अजून कुणी विचारलेला नाही. अंजनेरीला गाडी वर जात नाही म्हटले की माणसे हिरमुसतात. जणू मारुतीरायाने जन्मस्थान निवडताना आमच्या गुडघ्यांचा विचार करायला हवा होता!

नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेवर सुमारे २० किलोमीटरांवर हा डोंगर. झाडीतून, कातळातल्या पायऱ्यांनी वर यावे, तो मोकळे पठार. तिथे भाद्रपदात कंदिलासारखे फूल येते. शास्त्रज्ञांनी २००६ साली त्याला या डोंगराचेच नाव दिले : सेरोपेजिया अंजनेरिका. २०१७ साली डोंगर संवर्धन राखीव झाला. तरी पुढे वर मोटाररस्ता नेण्याचा घाट घातला गेलाच.

म्हणे वृद्धांची सोय! वृद्धांच्या नावाने रस्ता मागणारे मला भेटतात ते सारे पंचविशीतले. माझी आई गुडघे धरल्यावर पायथ्यालाच हात जोडून परतायची. डोंगर फोडा, असे ती कधी म्हणाली नाही.

मीही सोवळा नाही. एकदा वर्गात दाखवायला पठारावरचे एक फुलझाड मी मुळासकट उपटून आणले. कसले, तेही ठाऊक नव्हते. दुपारपर्यंत त्याने मान टाकली. मागच्या बाकावरून एक पोर म्हणाले, "गुरुजी, त्याला खाली आणण्यापेक्षा आम्हालाच वर न्यायचं की!"

येत्या भाद्रपदात नेणार आहे. पायी. पुऱ्या ज्याच्या त्याने आणाव्यात.