जहाज वळते, बंदर वळत नाही

दोन राजधान्यांत वाद पेटला म्हणजे त्याचा भुर्दंड पुष्कळदा दूरच्या एखाद्या बंदरावर पोट भरणाऱ्या माणसाला सोसावा लागतो. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटाची हकीकत ह्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

जेजू हे ज्वालामुखीतून निर्माण झालेले एक रमणीय बेट. क्रूझ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहलीच्या प्रचंड बोटी तेथे चीनमधून नित्य येत. 2016 साली ह्या बोटींतून सुमारे 12 लाख प्रवासी जेजूस आले. ते काही तासच बेटावर थांबत; पण तेवढ्यात बसचालक, वाटाडे, दुकानदार व खानावळवाले ह्यांची रोजी निघे.

त्याच वर्षीच्या जुलैत दक्षिण कोरिया व अमेरिका ह्यांनी, उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी 'थाड' नावाची यंत्रणा कोरियात बसविण्याचे ठरविले. तिच्या रडारची नजर आपल्याही प्रदेशावर पडेल, असा चीनचा आक्षेप होता. 2017 च्या मार्चमध्ये चिनी प्रवासकंपन्यांनी कोरियाच्या सामूहिक सहली बंद केल्या. सरकारने मात्र अशी बंदी उघडपणे कधीच मान्य केली नाही.

त्या महिन्याच्या 11 तारखेस 'कोस्टा सेरेना' ही बोट सुमारे 3,400 चिनी उतारूंसह जेजूच्या धक्क्यास लागली. बसगाड्या उभ्या होत्या, वाटाडे तिष्ठत होते. परंतु उतारूंनी खाली उतरण्याचे नाकारले. बोट आली तशी निघून गेली. 2016 मधील 12 लाखांचा आकडा 2017 मध्ये दोन लाखांच्याही खाली आला, आणि 2018 मध्ये तो 22 हजारांच्या आसपास उरला. क्षेपणास्त्रांच्या वादाशी ह्या बसचालकांचा व वाटाड्यांचा संबंध तो काय?

क्रूझचा धंदा असा चटकन सापडतो, ह्याचे कारण उघड आहे. एका बोटीत एका गावाएवढी माणसे असतात, आणि तिचा मार्ग एका पत्राने बदलता येतो. बोट उद्या दुसऱ्या बंदरास जाईल. पण बांधलेला धक्का, थाटलेले दुकान व कर्जाने घेतलेली बस कोठे जाणार?

पुढे कोरोनाची साथ आली. अखेर ऑगस्ट 2023 मध्ये चीनने निर्बंध उठविले, आणि त्या महिन्याच्या 31 तारखेस चिनी प्रवाशांची बोट पुन्हा जेजूस लागली. मध्ये सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

नियतीचा खेळ पाहा. नोव्हेंबर 2025 मध्ये तैवानच्या प्रश्नावरून चीन व जपान ह्यांचे बिनसले. चीनने आपल्या नागरिकांस जपानचा प्रवास टाळण्यास सांगितले, आणि काही बोटींनी जपानी बंदरे गाळून जेजूचा मुक्काम वाढविला. आठ वर्षांपूर्वी जे दुःख जेजूने भोगले, तेच आता शेजाऱ्याच्या वाट्यास आले. अशा लाभाने हर्ष कोणी मानावा?

गोव्यातील ज्या घरांतील मुले बोटीवर नोकरी करतात, त्यांना अशा बातम्या परक्या वाटणार नाहीत. बोटीचा मार्ग बदलला की घरच्या मंडळींचाही जीव खालीवर होतो.

एकाच देशाच्या पाहुण्यांवर सारा संसार उभारू नये, हा बंदरांनी घ्यावयाचा धडा. राज्यकर्त्यांनी घ्यावयाचा धडा ह्याहून मोठा आहे. वादाचा जमाखर्च मांडताना, रिकाम्या बसपाशी उभा असलेला तो चालकही हिशेबात धरावा.