प्रतिभा पळाली की पळवून लावली?



सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावले आणि आपल्या वाहिन्यांवर दोन दिवस सुतक पाळले गेले. लगेच १ ऑक्टोबरपासून चीनने तरुण शास्त्रज्ञ-तंत्रज्ञांसाठी के-व्हिसा सुरू केला. त्याआधी मे महिन्यात युरोपीय संघाने जगभरच्या संशोधकांना बोलावण्यासाठी ५० कोटी युरो जाहीर केले होते. चिप असो की एआय, ज्याच्याकडे डोकी त्याच्याकडे सत्ता, हे या तिघांनाही कळले आहे. आपल्याकडच्या संपादकांना मात्र एकच प्रश्न पडला: आता आपली प्रतिभा मायदेशी परतेल का?

'आपली' म्हणजे नेमकी कोणाची, हे आधी सांगा.

प्रतिभा हाकलून लावण्याचे एक उदाहरण जगभर दिले जाते. च्यान श्वेसेन हा चिनी शास्त्रज्ञ १९३५ मध्ये अमेरिकेत शिकायला गेला आणि तिथल्या रॉकेट संशोधनाचा आधारस्तंभ झाला. १९५० मध्ये त्याला कम्युनिस्ट ठरवले, पाच वर्षे नजरकैदेत ठेवले आणि १९५५ मध्ये चीनला पाठवून दिले. त्याच माणसाने चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा केला. अमेरिकेला ही चूक अजून बोचते.

आपल्या देशाने हे त्याच्या ३८ वर्षे आधीच करून दाखवले होते. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. करार होता, परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करायची. १९१७ मध्ये ते परत आले, करार पाळायला. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले. जगातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेला अर्थशास्त्रज्ञ काही दिवसांतच बडोदा सोडून गेला. याला 'ब्रेन ड्रेन' म्हणायचे काय? व्हिसा कोणी अडवला होता?

बाबासाहेबांनी मात्र हा अपमान स्वतःपुरता ठेवला नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, त्यांनी लिनलिथगोंना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात मागणी होती: विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी देशात वर्षाला दोन लाख रुपये, आणि त्यांना इंग्लंड-अमेरिकेत पाठवण्यासाठी आणखी एक लाख. महायुद्ध चालू होते, विमाने आणि बाँब कोण बनवतो यावर राष्ट्रांचे भवितव्य ठरत होते. त्या वर्षी बाबासाहेब आपल्या पोरांसाठी प्रयोगशाळा मागत होते. जयंतीच्या भाषणांत हे किती वेळा ऐकलेत? आपणही डीजेच्या वर्गणीएवढा उत्साह या विषयाला दाखवलेला नाही, हे कबूल करू.

आता आजच्या राज्यकर्त्यांकडे वळू. परदेशातून परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी रामानुजन फेलोशिप आहे, तिकडच्या प्राध्यापकांसाठी वज्र योजना आहे. असू द्या. पण २०१९ चा केंद्रीय शिक्षक आरक्षण कायदा उघडून त्याची अनुसूची वाचा. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि अशाच काही संस्थांना तो कायदा लागूच नाही. कारण त्या 'उत्कृष्टतेच्या' आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था! म्हणजे जिथे अणू आणि अवकाशाचे विज्ञान घडते तिथे आपण आलो की उत्कृष्टता बिघडते, असे संसदेने लिहून दिले आहे.

परदेशाची वाटही अशीच. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या एकूण १२५ जागा. साऱ्या देशासाठी. २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतीय समाजावरचा अभ्यास त्यातून वगळला. मी समाजशास्त्राचा विद्यार्थी, मला यातली मेख चांगली कळते: जातीचा अभ्यास परदेशात जाऊन करू नका. बरे, मग विज्ञान शिकणाऱ्यांना तरी पैसे वेळेवर मिळावेत? २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली आणि सुरुवातीला पत्रे मिळाली ४० जणांना. बाकीच्यांना निधी आला तर. राज्याच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींसाठी ७५ जागा. २०२४ मध्ये तिच्यावर ७५ टक्के गुणांची अट लादली गेली. विद्यार्थ्यांनी रान उठवले तेव्हा मागे घेतली. जगात महासत्ता शास्त्रज्ञांना पायघड्या घालत असताना आपले सरकार आपल्याच मुलांसाठी चाळण्या विणते.

आणि एवढ्यातूनही जी मुले पोहोचतात त्यांचे काय होते, हे जळगावला कोणी सांगायला नको. डॉ. पायल तडवी आपल्या मातीतली. आदिवासी तडवी भिल्ल घरातली मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकत होती. २२ मे २०१९ ला तिने जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे, खटला कोर्टात आहे. तिची आई आबेदाताई आणि रोहित वेमुलाची आई राधिकाताई त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सिलिकॉन व्हॅलीत गेलेल्या इंजिनिअरसाठी हळहळणाऱ्यांनी पायलला देशाच्या नुकसानीत धरले का? तो इंजिनिअर निदान दिवाळीला घरी येतो.

साक्री तालुक्यातला एक मुलगा मला माहीत आहे. बी.एस्सी., एम.एस्सी. भौतिकशास्त्र, परदेशातल्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात. उत्पन्नाचा दाखला मिळाला तेव्हा अर्जाची मुदत संपून चार दिवस झाले होते. दाखला देणाऱ्या कचेरीत त्याने सात हेलपाटे घातले होते. आज तो अवधानच्या एमआयडीसीत पाळीने काम करतो. मी त्याला म्हणालो, पुन्हा अर्ज कर. तो म्हणाला, "दादा, बहिणीचं लग्न झालं की बघू." त्याच्या दाखल्याचा पाठपुरावा करायला त्या वेळी आपल्यापैकी एकही कार्यकर्ता नव्हता. त्यात मीही आलो.

बाबासाहेब ३१ जुलै १९३७ ला कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते. त्या आठवणीत दरवर्षी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर यात्रा भरते. यंदा आम्ही तिथे एक टेबल लावतो आहोत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ज्या मुलामुलींना पुढच्या वर्षी अर्ज करायचा आहे त्यांनी गुणपत्रिका, जातीचा दाखला, पालकांचा उत्पन्नाचा दाखला आणि असेल तर पासपोर्ट घेऊन यावे. यातले काही नसेल तरी यावे. कोणत्या कचेरीत काय अडले ते लिहून घेऊ आणि दुसऱ्या दिवशी सोबत जाऊ.