मनश्चक्षूंची सक्ती

‘वाचताच प्रसंग डोळ्यांपुढे मूर्तिमंत उभा राहतो’ हे प्रशस्तिपत्र आमच्या टीकाकारांनी इतक्या पुस्तकांना वाटले आहे की, आता तीच साहित्याची कसोटी होऊन बसली आहे. मग ज्याच्या मनश्चक्षूंपुढे काहीच उभे राहत नाही, तो वाचक अरसिक समजावयाचा काय? आम्हांस हा निवाडा सर्वस्वी अमान्य आहे.

असे लोक असतात, हे नवे नव्हे. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टन याने सकाळच्या न्याहारीचे टेबल मनात आणून त्याचे वर्णन करावयास अनेकांना सांगितले. तेव्हा कित्येक शास्त्रज्ञांनी असे चित्र आपणांस दिसतच नाही असे कळविले. ही हकीकत त्याने १८८० साली प्रसिद्ध केली. पुढे २०१५ साली एक्सेटर विद्यापीठाच्या ॲडम झेमन यांनी सहकाऱ्यांसह या स्थितीस ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. शंभरांत एक ते चार माणसे अशी असावीत, असा अंदाज आहे.

चित्र नाही तेथे कल्पना कोठली, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर चित्रपटसृष्टीनेच दिले आहे. ‘पिक्सार’च्या संस्थापकांपैकी एक एड कॅटमल आणि ‘द लिटल मर्मेड’मधील एरियल रेखाटणारे ग्लेन कीन, या दोघांनाही मनात चित्र दिसत नाही. मनातील चित्र आणि कल्पनाशक्ती या दोन वस्तू आहेत, हे यावरून उघड होते.

आमच्या पूर्वसूरींना हा विवेक होता. भूत-भविष्य गोष्टी प्रत्यक्षवत् भासविणे यास त्यांनी ‘भाविक’ नावाचा एक अलंकार मानले. काव्याचा आत्मा म्हणून विश्वनाथाने रसासच मान दिला. अलंकारास आत्म्याच्या आसनावर बसविण्याचा अधिकार आजच्या टीकाकारांस कोणी दिला?

प्रश्न पुस्तकांपुरता असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. ‘डोळे मिटा आणि समुद्र पाहा’ असे सांगून निबंधास बसविलेले मूल, काहीच न दिसल्यामुळे, स्वतःस मंदबुद्धी मानू लागते. दिवंगत आईचा चेहरा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मुलगा स्वतःस कृतघ्न ठरवितो. वास्तविक तिने खाल्लेल्या खस्तांचा त्यास क्षणभरही विसर पडलेला नसतो. प्रेमाची परीक्षा चित्रावरून घेणे हा अन्याय आहे.

तेव्हा शिक्षकांनी ‘पाहा’ याबरोबर ‘आठवा’, ‘विचार करा’ हेही म्हणावे; आणि टीकाकारांनी पुस्तकाने काय दाखविले एवढ्यावर न थांबता, त्याने काय उमजविले तेही सांगावे. मिटल्या डोळ्यांपुढे अंधार असला, म्हणून अंतःकरणात अंधार असतो असे नाही.