बोटीवर घासाघीस नको

ईदच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या बाजारपेठेची शटर दोन-चार दिवस खाली येतात आणि बिर्याणीच्या देगा गाडीत चढतात. कोणी अलिबागला जातो, कोणी मुरूड-जंजिऱ्याला, कोणी मालवण-तारकर्लीला. काही कारखानदार आपल्या कारागिरांनाही बरोबर नेतात. सहलीला आमचा विरोध नाही. वर्षभर गज आणि कात्री यांच्यात अडकलेल्या माणसाने बायकामुलांसह दोन तास पाण्यावर घालवले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु या सहलीत आम्ही एक वाईट सवय बाजारातून उचलून थेट बोटीवर नेतो. ती म्हणजे घासाघीस.

आमचेच उदाहरण सांगतो. मागे एकदा कोकणातल्या एका खाडीत आम्ही चार घरची मंडळी सहलीला गेलो होतो. लहानथोर मिळून सतरा माणसे, शिवाय एका मित्राच्या मुलीने पाळलेले मांजर वेताच्या टोपलीत. होडीवर १२ चा आकडा रंगवलेला होता. होडीवाला म्हणाला, "शेठ, दोन फेऱ्या करू या." आम्ही कापडवाले; भाव पाडल्याशिवाय चैन पडत नाही. आम्ही म्हणालो, "अरे भाऊ, मुलांचे काय मोजतोस? एकाच फेरीत ने." होडीवाला गरीब, मोसम संपत आलेला. तो गप्प बसला आणि आम्ही एका फेरीचे पैसे वाचवल्याच्या आनंदात चढलो. जाकिटे होती, ती बाकाखाली रचून ठेवलेली.

खाडीच्या मध्यावर इंजिनाने जोर धरला तसे मांजर घाबरून टोपलीतून बाहेर उडाले. त्याला पकडायला पाच-सहा जण एकदम उठून एका बाजूला धावले. होडी कलली आणि काठावरून पाणी आत आले. आमचा नातू बाकावरून घसरला, त्याच्या सदऱ्याची कॉलर आमच्या हाती लागली एवढेच. होडीवाला ओरडला, "खाली बसा, सगळे खाली बसा!" बसलो, म्हणून आज लिहितो आहोत. दोष त्याचा नव्हता, मांजराचाही नव्हता. दोष आमचा होता.

वास्तविक ही गोष्ट कापडवाल्याला कळायला कठीण नाही. टेंपो भरताना आम्ही जड गाठी खाली आणि हलका माल वर ठेवतो, दोन्ही बाजूंना वजन सारखे बघतो. होडीचेही तेच. माणूस खाली बसला की वजन खाली राहते, होडी स्थिर राहते. तो उभा राहिला की वजन वर जाते आणि तोल सुटतो. फरक एवढाच की गाठी जागेवर राहतात, माणसे फोटो काढायला एका बाजूला धावतात. होडीवर लिहिलेला आकडा डोक्यांचा असतो. त्यात लहान मुलेही मोजायचीच.

या चुकीची किंमत काय असते ते पाहा. केरळातील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी सहलीची बोट उलटून २२ जण गेले. त्यांत एकाच कुटुंबातील अनेक जण होते. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीतील १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. दोन्ही ठिकाणी बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची चाचणी चालू असलेली वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. तिथे धडक बाहेरून बसली. म्हणजे आपण सर्व नीट केले तरी पाण्यावर काय होईल ते सांगता येत नाही. अशा वेळी अंगात घातलेले जाकीटच कामाला येते. बाकाखाली ठेवलेले जाकीट म्हणजे गोदामात कुलपात ठेवलेला माल. ऐन वेळी तो हाती येत नाही.

आता जाकिटाकडे कापडवाल्याच्या नजरेने पाहा. जे डोळे ताग्यातला दोष दहा फुटांवरून पकडतात, ते इथे का मिटावेत? नायलॉन उन्हात सतत राहिले की कमजोर होते. नारिंगी रंग फिका पडला असेल तर दोन्ही हातांनी ताणून पाहा. पट्टा जिथे शिवला आहे तिथे जोराने ओढा, टाका उसवला तर ते बाजूला ठेवा. आतला फोम दाबा. तो फुगून परत वर आला पाहिजे, चुरा झाला असेल तर उपयोग नाही. मुलाला जाकीट घालून खांद्याला धरून वर उचला. ते हनुवटीच्या वर सरकले तर माप मोठे आहे. बायकांनी जाकीट बुरख्याच्या वरून घालावे आणि ओढणीची टोके आत खोचावीत. आमच्या मते मुलांच्या मापाची दोन जाकिटे घरचीच घेऊन ठेवावीत. ईदच्या कपड्यांवर आम्ही जे खर्च करतो त्यापुढे ही रक्कम फार नाही.

पाळीव जनावर न्यायचेच असेल तर मांजर कडी लागणाऱ्या पेटीत ठेवावे, पण पेटी बोटीला बांधू नये. कुत्र्याचा पट्टा हातात धरावा, बाकाला अडकवू नये. बोट उलटली तर बांधलेले जनावर सुटू शकत नाही. त्यासाठी पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे. आणि जनावर निसटले तर एकानेच हालचाल करावी, बाकीच्यांनी बसून राहावे.

जे कारखानदार कारागिरांना सहलीला नेतात त्यांना आमची खास विनंती आहे. कारागीर शेठपुढे बोलत नाही. बोट जास्त भरली आहे हे त्याला दिसले तरी तो गप्प बसतो, जसा तो होडीवाला आमच्यापुढे गप्प बसला. म्हणून डोकी शेठनेच मोजावीत आणि दुसऱ्या फेरीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत.

काही बांधव म्हणतील, मौत लिहिलेली असेल तर जाकीट काय करणार? बांधवहो, तवक्कल आमचाही आहे. पण रात्री दुकानाला कुलूप लावायला आम्ही कोणी विसरत नाही. भाव दुकानात पाडा, बाजारात पाडा. होडीवाला दोन फेऱ्या म्हणाला तर दोन फेऱ्यांचे पैसे द्या आणि त्याचे आभार माना. त्या दिवशी आम्ही किती रुपये वाचवले ते आता आठवत नाही. नातवाची कॉलर मात्र मुठीत अजून जाणवते.