विषाची नोंद कोण ठेवणार?

२०२५च्या पावसाळ्याच्या अखेरीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात साध्या सर्दी-खोकल्याने आजारी पडलेल्या लहान मुलांची लघवी अचानक बंद होऊ लागली. परासिया भागातील ही मुले एकेक करून नागपूरच्या इस्पितळांत दाखल होत गेली आणि मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक मुले दगावली. ऑक्टोबरच्या आरंभी तामिळनाडूच्या औषध प्रशासनाने तपासणी केली, तेव्हा ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन ४८.६ टक्के आढळले. औषधात त्याची कमाल मर्यादा ०.१ टक्का आहे. पहिल्या मुलाच्या मृत्यूपासून औषधावर बंदी येईपर्यंत सुमारे महिना गेला. त्या महिन्यात तेच औषध इतर घरांतून मुलांना चमच्याने पाजले जात होते.

या प्रकरणातील गुन्हेगारी बाजूची चर्चा बरीच झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र तिच्या आड एक प्रश्न राहून गेला. एका डॉक्टरसमोर एक रुग्ण येतो, दुसऱ्यासमोर दुसरा, तिसरा तिसऱ्याच गावी जातो. प्रत्येकाला आपल्यापुढचा रुग्ण तेवढा दिसतो. या विखुरलेल्या रुग्णांमागे एकच विष आहे, हे पाहण्याचे काम नेमके कोणाचे? १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच रसायन मिसळलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण मरण पावले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. तेथे सारे रुग्ण एकाच छपराखाली होते, त्यामुळे धागा जुळवणे तुलनेने सोपे होते. चाळीस वर्षांनंतर तेच विष गावोगावच्या दवाखान्यांतून विखरून आले आणि धागा जुळायला उशीर झाला.

जगात हे काम विषमाहिती केंद्रे करतात. अमेरिकेत पहिले केंद्र १९५३ साली शिकागोत सुरू झाले. आपल्याकडे नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५पासून राष्ट्रीय विषमाहिती केंद्र चोवीस तास दूरध्वनीवर सल्ला देते. चेन्नई, कोची अशा काही ठिकाणीही केंद्रे आहेत. तरी देशाच्या लोकसंख्येच्या मानाने त्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहे.

केंद्राचे पहिले काम सर्वांना समजणारे आहे. मुलाने फिनेल प्यायले, आजोबांनी चुकून गोळ्या दुप्पट घेतल्या, शेतात फवारणी करताना भोवळ आली, अशा वेळी घरचे लोक किंवा डॉक्टर फोन करतात. पलीकडचा तज्ज्ञ नेमके प्रश्न विचारतो. काय, किती, केव्हा, वय आणि वजन किती, बाटलीवर काय लिहिले आहे? त्यावरून घरीच लक्ष ठेवावे की तातडीने इस्पितळ गाठावे, हे ठरते. अमेरिकेतील अनुभव असा, की केंद्रांकडे येणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश प्रकरणांत रुग्णाला इस्पितळात नेण्याची गरजच पडत नाही. उलट आपल्याकडे ऐकीव उपायांचे राज्य आहे. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोट घालून ओकारी काढणे हे प्रकार आजही सर्रास होतात. रॉकेल प्यायलेल्या मुलाला ओकारी करवली, तर ते फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. आम्ल पोटात गेले असेल, तर वर येताना ते अन्ननलिका पुन्हा जाळते. मिठाचे पाणी मुलाच्या रक्तातील क्षार धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकते. अशा वेळी एका फोनवरचा ‘काहीही पाजू नका’ हा सल्लाच उपचार ठरतो.

दुसरे काम कमी दिसणारे, पण अधिक मोलाचे आहे. येणारा प्रत्येक फोन ही एक नोंद असते. आठवडाभरात एकाच तालुक्यातून एकाच लक्षणांचे चार फोन आले, तर केंद्राला ते दिसते. कोणत्याही एका डॉक्टरला ते दिसू शकत नाही. विषाचे ऋतुमान, त्याचा भूगोल आणि बाजारात आलेले नवे रसायन या तिन्हींचा माग अशाच नोंदींतून लागतो.

या नोंदींचा उपयोग काय, हे जाणण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. शेजारच्या कोकणात लाल विंचवाच्या दंशाने एकेकाळी इस्पितळात पोहोचलेल्यांपैकीही तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावत. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी रुग्णाशेजारी बसून घाम, नाडी, रक्तदाब, फुप्फुसांत साचणारे पाणी यांच्या बारीक नोंदी ठेवल्या. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आली. पुढे त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीचा वापर रूढ केला आणि मृत्यूचे प्रमाण अत्यल्प झाले. त्या विषाचे ज्ञान एखाद्या मोठ्या शहरातील प्रयोगशाळेतून आले नाही. विंचू जेथे चावत होता, तेथेच ते तयार झाले.

नोंद नसली, की काय होते हे यवतमाळने २०१७ साली दाखवले. कपाशीवर कीटकनाशके फवारताना त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना इस्पितळात दाखल करावे लागले. फवारणीत वेगवेगळी रसायने एकत्र मिसळली जात होती. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या बाधेवर अॅट्रोपिन चालते. सर्वच कीटकनाशकांवर ते चालत नाही. रुग्णाच्या शरीरात नेमके काय गेले, हे ठरवण्यास मदत करणारी कोलिनेस्टरेझची रक्ततपासणी जिल्ह्यात उपलब्ध नव्हती, हे नंतर उघड झाले. मृत्यूंची मालिका वृत्तपत्रांत झळकली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. आजाराचा नकाशा आरोग्य खात्याच्या टेबलावर दिसण्याआधी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दिसावा, ही पत्रकारितेला भूषणावह वाटली तरी प्रशासनाला शोभणारी गोष्ट नाही.

आता आपल्याकडे वळू. गोव्यात विषबाधेचे स्वरूप पश्चिम घाट आणि किनारपट्टी या दोहोंनी घडवलेले आहे. पावसाळा सुरू झाला, की सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत सर्पदंशाचा धोका वाढतो. देशात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार लोक सर्पदंशाने मरण पावल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच सापांच्या विषापासून बनते आणि त्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तामिळनाडूतून येते. एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशागणिक बदलते, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. त्यातच घाटातील उंच नाकाच्या चापड्याच्या दंशावर हे औषध गुणकारी नाही. तो साप फुरसे किंवा घोणस समजला गेला, तर रुग्णाला औषधाच्या कुप्यांमागून कुप्या दिल्या जातात आणि उपयोग होत नाही. कोणत्या गावात कोणता साप चावतो आणि औषधाला रुग्ण कसा प्रतिसाद देतो, याची सलग नोंद म्हणूनच अत्यावश्यक आहे. केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंश हा सक्तीने नोंदवायचा आजार ठरवावा, असे राज्यांना कळवले.

याच ऋतूत रानात अळमी उगवते. ओळखीत चूक झाली आणि विषारी छत्री पोटात गेली, तर काही जातींची लक्षणे सहा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतात. मग जुलाब थांबतात, रुग्णाला बरे वाटते आणि आतून यकृत निकामी होत असते. बरे वाटले म्हणून घरी परतलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी अत्यवस्थ होऊ शकतो, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला रात्री अकरा वाजता सांगणारे कोणी हवे.

सर्वांत अवघड बाब आत्महत्येच्या प्रयत्नांची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातील आत्महत्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश विषप्राशनाने झाल्या. हा प्रश्न केवळ मनाच्या दुबळेपणाचा मानला जातो, ते खरे नाही. श्रीलंकेने १९९५पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. कोणते रसायन किती घातक, हे इस्पितळांतील नोंदींवरून तेथील अभ्यासकांना दाखवता आले. संकटाच्या क्षणी हाताशी प्राणघातक वस्तू नसली, तर माणूस बहुधा वाचतो आणि तो क्षणही सरतो. कोणती वस्तू दूर करायची, हे मात्र नोंदीखेरीज कळत नाही.

एवढ्याशा राज्याला स्वतंत्र केंद्र कशाला, असा आक्षेप येईल. रुग्णसंख्या मोठी नाही आणि चोवीस तास तज्ज्ञ बसवणे खर्चिक आहे, हे खरेच. पण गोव्याचा लहानपणा येथे उपयोगी पडणारा आहे. गंभीर रुग्ण अखेरीस बांबोळीच्या गोमेकॉतच येतो. सिंधुदुर्ग आणि कारवारकडचे रुग्णही तेथेच येतात. म्हणजे तीन राज्यांच्या सीमेवरील विषबाधेचे चित्र एका इमारतीतून रोज जाते. ते टिपून ठेवण्यासाठी नवी इमारत नको. औषधशास्त्र, न्यायवैद्यक आणि औषधवैद्यक विभागांतून प्रशिक्षित केलेले मोजके कर्मचारी, एक दूरध्वनी, म्हापसा व मडगावच्या जिल्हा इस्पितळांसह सर्व आरोग्य केंद्रांसाठी एकच नोंदपत्रक आणि मूलभूत विषतपासणीची प्रयोगशाळा पुरेशी आहे. रात्रीचे फोन दिल्लीच्या केंद्राकडे वळवता येतील आणि १०८ची सेवा त्याला जोडता येईल. अन्न व औषध प्रशासनाला दर आठवड्याला अहवाल मिळाला, तर दूषित औषध किंवा भेसळीची दारू यांचा संशय पहिल्या दोन-तीन रुग्णांतच घेता येईल. शेजारच्या जिल्ह्यांचा सहभाग मिळवण्यासाठी महाराष्ट्र व कर्नाटक सरकारांशी बोलणी करावी लागतील. सीमेवरून वाद घालण्याची सवय असलेल्या राज्यांना विषाच्या बाबतीत तरी एकत्र येणे अशक्य नसावे.

असे केंद्र उभे राहीपर्यंत वाचकांनी तीन क्रमांक जवळ ठेवावेत. राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७, रुग्णवाहिका १०८ आणि मन खचले असेल तर टेलिमानस १४४१६. इस्पितळात जाताना विषाची बाटली, पुडी किंवा गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. साप मारण्यात वा पकडण्यात वेळ दवडू नये.

आपल्याकडे विषबाधेने झालेला मृत्यू पोलिस पंचनाम्यात जातो, शवचिकित्सेच्या अहवालात जातो आणि तेथेच थांबतो. त्यातून पुढच्या रुग्णाला वाचवणारी माहिती परत आरोग्य केंद्रापर्यंत येत नाही. छिंदवाड्यात तो महिना याच खंडित वाटेवर गेला. ती वाट जोडण्यासाठी एक दूरध्वनी, एक नोंदवही आणि ती रोज वाचणारा एक जबाबदार माणूस लागतो. गोव्याला एवढे परवडत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही.